मीटर पळता ठेवा, देश पुढे जाईल

देशाची आर्थिक वाढ दिल्ली-मुंबईत ठरते आणि आपण नागपूरकर फार तर संत्र्यांपुरते कामाचे, असा एक न्यूनगंड आपल्या मनात फार पूर्वीपासून घर करून बसला आहे. तो आपण प्रथम काढून टाकावा. जगातील देशांचा दरडोई वीजवापर आडव्या अक्षावर आणि दरडोई उत्पन्न उभ्या अक्षावर मांडले, की ठिपके डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून उजवीकडच्या वरच्या कोपऱ्याकडे मोठ्या शिस्तीने चढत जातात. आपल्या देशात २०२३-२४ मध्ये दरडोई वीजवापर सुमारे १,४०० युनिट होता. अमेरिकेत तो १२ हजारांच्या आसपास आहे. म्हणजे आपण आणि अमेरिका यांच्यात अंतर आहे ते साडेदहा हजार युनिटांचे, आणि युनिट जाळणे ही कला, निदान एप्रिल ते जून या काळात, नागपूरकराला कोणी शिकवावी लागत नाही.

आरंभ कूलरपासून करावा. डेझर्ट कूलर ही या शहराने वर्षानुवर्षे जोपासलेली अर्थद्रोही सवय आहे. होळी झाली की माळ्यावरून तो खाली उतरवायचा, टाकीच्या तळाशी बसलेला क्षारांचा पांढरा थर खरवडायचा, ताट्यांमधले जुने, काळे पडलेले गवत काढून नवे भरायचे, पंपाची नळी फुंकून मोकळी करायची आणि मग दोन-अडीचशे वॅटमध्ये अख्खी खोली गार करून घ्यायची, हे आपण करतो. येथील हवा कोरडी असल्यामुळे पाणी झपाट्याने उडते आणि उडताना हवेतील उष्णता घेऊन जाते. हे सारे काम निसर्ग फुकटात करतो, आणि फुकटात झालेल्या कामाची राष्ट्रीय उत्पन्नात नोंद होत नाही. त्यापेक्षा दीड टनाचा एसी लावावा. तो कूलरच्या सहा-सात पट वीज घेतो, त्यासाठी कर्ज काढावे लागते, कर्जावर व्याज पडते, आणि तो आतली उष्णता बाहेर फेकत असल्यामुळे शेजाऱ्यालाही यथावकाश एसी घ्यावाच लागतो. देशाची वाढ ही अशी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जात असते.

यानंतर गच्चीकडे वळावे, कारण खरी गळती तिथे आहे. नवतपा, म्हणजे मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की आपल्या घरातील स्त्रिया पहाटे उठून कुरड्यांचा चीक शिजवतात, जुन्या साडीवर सोऱ्याने त्या घालतात, पापड पसरवतात, चार कोपऱ्यांवर विटा ठेवतात आणि दिवसभर कावळ्यांना हाकलत राहतात. दोन दिवसांत वर्षभराचे वाळवण डब्यात जाते. या सबंध व्यवहारात सूर्याकडून जी ऊर्जा घेतली गेली, ती देशाच्या कोणत्याही ऊर्जा-ताळेबंदात येत नाही, आणि त्या स्त्रियांचे जे श्रम झाले, ते सकल राष्ट्रीय उत्पादनात येत नाहीत. दोन्ही बाजूंनी शून्य! याउलट बाजारातून पाकीटबंद पापड आणला तर भट्टी, पाकीट, ट्रक, डिझेल आणि दुकानातील दिवे असे सर्व काही मोजले जाते. धुतलेले कपडेही दोरीवर वाळत घालू नयेत. नागपूरच्या उन्हात चादर पाऊण तासात वाळते हे खरे आहे, पण ती वाळते ते देशाच्या काय कामाचे? राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशेब मांडण्यात ज्यांचा सिंहाचा वाटा होता, त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसला दिलेल्या अहवालात, या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचे अनुमान क्वचितच काढता येते, असे बजावले होते. आकडा काढून देणाऱ्यानेच असे काही म्हणावे, हे शोभत नाही. आपण तिकडे दुर्लक्ष करावे.

एवढ्यात घरातील एखादा कॉलेजकुमार आपल्याला अडवील, की विजेमुळे देश श्रीमंत होतो की देश श्रीमंत झाल्यामुळे वीज वापरली जाते? अशा वेळी डगमगू नये. या प्रश्नाची तड अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे अर्धे शतक लागू दिलेली नाही. १९७८ मध्ये जॉन क्राफ्ट आणि आर्थर क्राफ्ट यांनी अमेरिकेची १९४७ ते १९७४ या काळातील आकडेवारी तपासून असा निष्कर्ष काढला, की उत्पन्न पुढे चालते आणि ऊर्जावापर त्याच्या मागून येतो. अवघ्या दोन वर्षांनी अकार्का आणि लाँग यांनी त्याच अभ्यासाचा कालावधी दोन वर्षांनी आखडता घेऊन पाहिला, तर तो संबंधच नाहीसा झाला. त्यानंतर निरनिराळ्या देशांवर, निरनिराळ्या कालखंडांवर आणि निरनिराळ्या पद्धतींनी असंख्य शोधनिबंध लिहिले गेले आणि शक्य असलेली चारही उत्तरे मिळाली: ऊर्जा वाढीला ओढते, वाढ ऊर्जेला ओढते, दोघी एकमेकींना ओढतात, किंवा दोघींची ओळखच नाही. सामान्य माणसाला हा गोंधळ वाटेल. व्यवहारी माणसाला ती सोय वाटली पाहिजे. नवा औष्णिक संच उभारायचा असेल तेव्हा पहिले उत्तर पुढे करावे, खेड्यातला वीजपुरवठा कापायचा असेल तेव्हा दुसरे पुढे करावे, आणि विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात कोणी प्रश्न विचारलाच तर चौथे हाताशी असू द्यावे.

या बाबतीत अधिक आधार हवा असेल तर चीनचे उदाहरण द्यावे. ली केकियांग पुढे पंतप्रधान झाले; पण २००७ मध्ये ते लिआओनिंग प्रांतात पक्षाचे प्रमुख असताना त्यांनी अमेरिकी राजदूताला सांगितले होते, की प्रांताच्या उत्पन्नाच्या आकड्यांवर आपला फारसा भरवसा नाही; आपण वीजवापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांची कर्जे पाहतो. त्यांचा रोख असा होता, की उत्पन्नाचा आकडा लिहून वाढवता येतो, विजेचा तसा वाढवता येत नाही. त्यांनी नागपूर पाहिले नव्हते. ३० मे २०२४ रोजी, ऐन नवतपात, देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॉटपर्यंत चढली, आणि त्या उच्चांकात कारखान्यांइतकाच घामाचाही वाटा होता. ऊन वाढले म्हणून मीटर पळाला, हे उघड सत्य आपण कोणाला सांगू नये. उत्तर भारताच्या मैदानात उष्णतेची लाट आली असे न म्हणता विकासाची लाट आली असे म्हणावे.

काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांचाही आपण सन्मान करावा, कारण अजाणता तेही आपल्याच बाजूचे असतात. १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते, की स्कॉटलंडमध्ये एक टन लोखंडामागे लागणारा कोळसा एक तृतीयांशाहूनही खाली आला, आणि १८३० ते १८६३ या काळात तेथील कोळशाचा एकूण वापर मात्र दहापट झाला. वस्तू स्वस्त झाली की माणूस ती वाचवत नाही, जास्त वापरतो. आपल्याकडे २०१५ पासून उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले, आणि जिथे ६० वॅटचा दिवा जळत होता तिथे ९ वॅटचा जळू लागला. ही बचत धोकादायक होती. सुदैवाने आपण वेळीच सावध झालो, आणि इमारतींच्या कठड्यांवरून, झाडांच्या बुंध्यांवरून आणि उड्डाणपुलांच्या पोटांखालून रंग बदलणाऱ्या माळा सोडल्या. झाडाला रात्री झोप लागत नसेल, पण झाड मतदार नसते.

अडचण एकाच ठिकाणी येते, ती म्हणजे इंग्लंड. त्या देशाने १९७० च्या तुलनेत ऊर्जावापर कमी केला आणि उत्पन्न मात्र दुपटीहून अधिक वाढवले. सप्टेंबर २०२४ मध्ये तर त्यांनी कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्रही बंद केले. हे पाहून आपला आलेख वाकडा होतो. पण घाबरण्याचे कारण नाही, कारण इंग्लंडने लोखंड, कापड आणि भांडी वापरणे सोडलेले नाही. ती तयार करणाऱ्या भट्ट्या मोठ्या प्रमाणात दुसऱ्यांच्या देशांत गेल्या आणि त्यांचा धूरही तिकडच्याच खात्यावर पडला. हा चमत्कार समजण्यासाठी लंडनला जाण्याची गरज नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा गांधीसागराच्या काठी कोळशाच्या वाफेवर विदर्भाच्या कापसाचे सूत निघत होते. ती गिरणी बंद पडली आणि त्या जागेवर मॉल आला. गिरणीत ऊर्जा खर्च होऊन कापड निघत असे. मॉलमध्ये ऊर्जा खर्च होऊन हवा गार होते आणि कापड दुसरीकडून येते. उत्पन्नाच्या तक्त्यात या बदलाला सेवाक्षेत्राची वाढ म्हणतात. तिथे फिरताना आपण शक्यतो काही विकत घेऊ नये असे मी म्हणणार नाही, पण बरेचसे नागपूरकर मे महिन्यात तिथे जे करतात तेच करावे, म्हणजे दुपारभर उभे राहावे.

दरडोई आकडा चटकन वाढवण्याचा आणखी एक मार्ग आइसलँडकडून शिकण्यासारखा आहे. तेथे माणशी वर्षाला ५० हजार युनिटांहून अधिक वीज वापरली जाते, आणि ही माणसे काही रात्रंदिवस गिझर लावून बसलेली नसतात. चार लाखांच्या आतल्या त्या लोकवस्तीत ॲल्युमिनियमचे प्रचंड कारखाने आहेत, आणि एक टन ॲल्युमिनियमला १४ हजारांच्या आसपास युनिट लागतात. कारखान्याची वीज माणसांच्या संख्येने भागली की प्रत्येक माणूस कागदोपत्री वीजसंपन्न होतो. भागाकाराची ही ताकद ओळखावी.

आता काही असंतुष्ट लोक कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राचा विषय काढतील. त्यांना शांतपणे ऐकून घ्यावे. शहराच्या उत्तरेला कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत, पलीकडे खापरखेड्यात १,३४० मेगावॉटचे केंद्र आहे, आणि कोराडीत ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच प्रस्तावित झाल्यावर मे २०२३ मधील जनसुनावणीत लोकांनी त्याला विरोध केला. आपल्याकडे कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो, त्यातील तिसरा हिस्सा राख म्हणून उरतो, आणि कोळशातील उष्णतेचाही जेमतेम एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग वीज होतो. बाकीची धुरांड्यातून आणि शीतकरण मनोऱ्यांतून नागपूरच्या हवेला परत मिळते, जणू तिला उष्णतेची वाण होती. असंतुष्टांचे म्हणणे असे, की वीज राज्यभर जाते आणि राख मात्र इथल्या पापडांवर बसते. यात तक्रारीसारखे काय आहे? राखेने मळलेले कपडे दुसऱ्यांदा धुतले की साबण खपतो, खोकला झाला की डॉक्टरांची फी आणि औषधे खपतात, आणि या सर्वांची भर उत्पन्नात पडते. वाढ हवी आणि राख नको, असा हट्ट धरणाऱ्यांना अर्थशास्त्र कळत नाही.

ऊर्जेवर होणारा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने लहान असतो, म्हणून वाढीत तिचे महत्त्वही लहान, असे सांगणारे विद्वान कधीकाळी भेटतील. लग्नाच्या पंगतीत मिठाचा खर्चही सर्वांत कमी असतो, असे म्हणून त्यांना वाटेला लावू नये. त्यांना १९७३ ची आठवणही करून देऊ नये, जेव्हा काही महिन्यांत तेल चौपट महागले आणि श्रीमंत देशांची चाके रुतली. रॉबर्ट आयर्स आणि बेंजामिन वॉर यांनी २००५ मध्ये दाखवले, की जाळलेली ऊर्जा न मोजता तिच्यातून प्रत्यक्ष निघालेले उपयुक्त काम मोजले, तर अमेरिकेच्या शंभर वर्षांच्या वाढीचा बराचसा भाग उलगडतो. ही दृष्टी आपल्या कार्यक्रमाला घातक आहे. कोणत्या युनिटने काय काम केले असे एकदा विचारू लागले, की मॉलमधले युनिट आणि शेतातले युनिट यांची तुलना होऊ लागेल.

आणि तशी तुलना झालीच, तर काटोल-नरखेडकडचा संत्रा बागायतदार आपल्यासमोर उभा राहील. त्याच्या पंपाला पाळीने वीज मिळते; काही दिवस ती दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की तो दोन वाजता उठतो, बांधावरून चाचपडत जातो, स्टार्टरची पेटी उघडण्याआधी आत साप नाही ना ते पाहतो, आणि रानडुकरांचा कानोसा घेत मृग बहाराच्या झाडांना पाणी देतो. त्याच वेळी कोराडीचे संच चालू असतात, शहरातले एसी चालू असतात आणि बुंध्यांवरच्या माळाही. हा मनुष्य दिवसाची वीज मागू लागला, तर त्याला ऊर्जाबचतीचे महत्त्व आपण पटवून द्यावे. देश कमी विजेतही वाढू शकतो, याचे इंग्लंडचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. त्याची झोप राष्ट्रीय उत्पन्नात कधी धरलेली नव्हती, त्यामुळे ती मोडल्याने काहीही वजा होत नाही. रात्रीसाठी त्याने विकत घेतलेली बॅटरी मात्र, सेलसकट, मोजली जाते.