एकही प्रश्न न विचारणारा इन्स्टॉलर मला नको

सध्या आमच्या पुण्यातल्या टेक ग्रुपांवर इन्स्टॉलरबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं सार असं : ‘चांगला इन्स्टॉलर एकही प्रश्न विचारत नाही. लोक काही वाचत नाहीत, नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट दाबतात. मोबाइलवर कोण विचारतं? डाउनलोड केलं तिथेच संमती आली. आणि नाहीच पटलं, तर अनइन्स्टॉल करता येतं.’ खाली टाळ्यांचे इमोजी. मी शहरातल्या छोट्या ऑफिसांचे संगणक सांभाळते. त्यात सदाशिव पेठेतली डीटीपीची दुकानं आहेत, टिळक रोडवरची सीए मंडळी आहेत, एक-दोन दवाखाने आहेत. या मेसेजवर विश्वास ठेवून कुणी सॉफ्टवेअर बनवलं, तर निस्तरायला याच लोकांना लागतं. म्हणून हे उत्तर.

लोक वाचत नाहीत, हे खरंच आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी अँड्रॉइड वापरणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा ॲप घेताना परवानग्यांकडे लक्ष देणारे जेमतेम १७ टक्के निघाले. पण त्या काळी विचारायची पद्धत काय होती? ॲप उघडून पाहण्याआधीच सगळ्या परवानग्यांची यादी समोर यायची. घ्यायचं तर सगळं घ्या, नाहीतर ॲप सोडा. यावर गुगलने २०१५ मध्ये, अँड्रॉइड ६ पासून, प्रश्नांची वेळ बदलली. कॅमेरा लागेल तेव्हा कॅमेऱ्याचं विचारायचं, आणि ‘नाही’ म्हटलं तरी ॲप फोनमध्ये राहतं. म्हणजे ‘मोबाइलवर कोण विचारतं’ याचं उत्तरही इथेच मिळालं. मोबाइल विचारतो, फक्त कामाच्या वेळी विचारतो.

मायक्रोसॉफ्टलाही हाच धडा मिळाला. २००७ च्या विंडोज व्हिस्टामध्ये ऊठसूट परवानगीची खिडकी यायची. लोक वैतागले, अनेकांनी ती सोयच बंद करून टाकली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये या खिडक्या कमी झाल्या, पण बाहेरचा प्रोग्रॅम संगणकात बदल करू पाहतो तेव्हा येणारी खिडकी राहिली. राहायलाच हवी होती.

डेस्कटॉपवर शॉर्टकट हवा का, कुठल्या फोल्डरमध्ये टाकू, ‘नक्की ना?’ असले प्रश्न खुशाल काढून टाका, मी तुमच्याबरोबर आहे. माझा आग्रह दोनच ठिकाणी आहे : मागितल्यापेक्षा जास्त काही होणार असेल तेव्हा, आणि झालेलं परत फिरवता येणार नसेल तेव्हा.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींमध्ये सॉफ्टवेअर बसवणारा-काढणारा ॲप्ट हा प्रोग्रॅम हे काम फार शहाणपणाने करतो. एखादं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक गठ्ठा, मागितलं आणि तेवढंच बसवायचं असेल, तर तो न विचारता बसवतो. त्यापायी आणखी पॅकेजं येणार असतील किंवा एखादं जाणार असेल, तर आधी नावं दाखवतो, डिस्कवर किती जागा लागेल ते सांगतो, मग पुढे जाऊ का विचारतो. प्रणालीचा कणाच निघणार असेल, तर पूर्वी ‘येस, डू ॲज आय से!’ (हो, सांगतो तसं कर!) हे अख्खं वाक्य टाइप करावं लागायचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबवर टेक व्हिडिओ करणाऱ्या लायनस सेबॅस्टियनने उबुंटूवर बेतलेल्या पॉप ओएसवर स्टीम हे गेमचं ॲप बसवताना ते वाक्यसुद्धा टाइप केलं, आणि त्याचा सगळा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या आणि आयकॉन दाखवणारी यंत्रणाच, उडाला. मेसेजवाले म्हणतील, बघा, विचारून काय उपयोग? मला त्यातून वेगळं दिसतं. स्टीम मागणाऱ्या माणसापुढे डेस्कटॉप काढण्याचा पर्याय यायलाच नको होता. पुढे ॲप्टमध्ये बदल झाले ते त्याच दिशेने : गाभ्याची पॅकेजं अशी सहजी काढायचीच नाहीत. जिथे ‘हो’ हे उत्तर जवळपास नेहमीच चूक ठरणार, तिथे विचारण्याऐवजी नकार द्यावा. पण त्यावरून ‘मुकाट्याने करून टाका’ असा निष्कर्ष कुठून निघतो?

‘डाउनलोड म्हणजे संमती’ हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. गाडी ऑइल बदलायला टाकली, म्हणून गॅरेजवाल्याने न विचारता टायर बदलून बिल हातात ठेवलं तर चालेल का? जावाच्या इन्स्टॉलरमध्ये वर्षानुवर्षं आस्क टूलबार या ब्राउझरमध्ये घुसणाऱ्या जादा पट्टीपुढे ‘हवी’ अशी खूण आधीच केलेली असायची. २०१६ मध्ये विंडोज १० च्या अपग्रेडची सूचना फुलीवर क्लिक करून बंद केली, तरी ठरलेल्या वेळी अपग्रेड होणार ते होणारच, असा मामला होता. ओरड झाल्यावर स्पष्ट नकाराची सोय आली. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १३ डार्क पॅटर्नची, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांची, यादी काढली. ग्राहकाला न विचारता त्याच्या खरेदीत जादा वस्तू घुसवणं तिच्यात आहे. तो नियम ऑनलाइन खरेदीचा, पण इन्स्टॉलरमधली लबाडी त्याच जातीची.

राहिलं अनइन्स्टॉल. २०१९ मध्ये उघड झालं, की मॅकवर झूम काढून टाकलं तरी त्याचा पडद्याआड चालणारा एक छोटा प्रोग्रॅम (सर्व्हर) मागे राहायचा आणि झूम परत बसवू शकायचा. तो ठेवला होता कशासाठी, तर मीटिंगला जाताना एक जादा क्लिक वाचावा म्हणून! शेवटी ॲपलने स्वतःच अपडेट पाठवून तो काढला.

आणि सरळमार्गी सॉफ्टवेअरचं काय? एका सीएंच्या ऑफिसात रिटर्नच्या मुदतीच्या आठवड्यात हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली गेली. तिने पहिल्यांदा उघडताच सगळ्या अशिलांचा डेटा नव्या स्वरूपात बदलला, काही न विचारता. शेजारच्या संगणकांवर जुनीच आवृत्ती होती. तिथे एकही फाइल उघडेना. नवी आवृत्ती काढली, जुनी पुन्हा टाकली, पण बदललेला डेटा काही मागे आला नाही. आर्टिकलशिपची मुलं बॅकअपनंतरच्या नोंदी हाताने भरत रात्री उशिरापर्यंत बसली होती. तिथे एवढीच खिडकी हवी होती : ‘हा डेटा नव्या स्वरूपात बदलला जाईल. त्यानंतर जुन्या आवृत्तीत तो उघडणार नाही.’ खाली दोन बटणं, ‘बॅकअप घेऊन पुढे जा’ आणि ‘आत्ता नको’. हे वाक्य त्या मुलांनी नक्की वाचलं असतं, कारण ते त्यांच्याच कामाबद्दल होतं.

हिंजवडीच्या कंपन्यांत शेकडो संगणकांवर सायलेंट इन्स्टॉल, म्हणजे एकही खिडकी न दाखवता सॉफ्टवेअर बसवणं, चालतं, हा दाखलाही मेसेजमध्ये आहे. तिथे संगणक सांभाळणारा ॲडमिन आधी एका संगणकावर चाचणी घेतो, सगळी उत्तरं कमांडमध्येच लिहून देतो, आणि बिघडलं तर त्याला जाब विचारता येतो. सदाशिव पेठेतल्या दुकानात असा ॲडमिन नसतो. तिथे उत्तर देणारा माणूस खुर्चीवर बसलेला असतो, त्यालाच विचारा.