दोन्हीकडे ‘आब्रिया’ लावा म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

नागपुरात स्पॅनिश शिकणाऱ्या पोट्ट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरून राहिला आहे, तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हणणं असं की मराठीत ‘कळलं असतं तर आलो असतो’ यात जसं दोन्हीकडे ‘असणे’च येतं, तसं स्पॅनिशमध्येही दोन्हीकडे ‘आब्रिया’ (आपल्या ‘असतो-असतं’सारखं रूप) लावलं की काम झालं. वर आणखी चार गोष्टी: सबजंक्टिव्ह (न घडलेल्या, नुसत्या कल्पनेतल्या गोष्टीसाठीचं क्रियापदाचं रूप, जसं ‘उबिएरा’) आता बोलण्यातून गेलाच आहे, ‘उबिएरा’ आणि ‘उबिएसे’चा अर्थ वेगळा आहे, मुलगी असेल तर क्रियापदाच्या शेवटच्या ‘ओ’चा ‘आ’ करायचा, आणि दोन्ही बाजू एकाच काळात पाहिजेत. पाचही गोष्टी चूक आहेत. पोट्टे हे पाठ करून परीक्षेला बसून राहिले, म्हणून एकेक घेतो. स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे लिहितोय, म्हणजे सुरुवातीचा ‘ह’ गायब आणि ‘व’च्या जागी ‘ब’.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट. फॉरवर्डमधलं वाक्य आहे ‘सि लो आब्रिया साबीदो, आब्रिया बेनीदो’. बरोबर वाक्य आहे ‘सि लो उबिएरा साबीदो, आब्रिया बेनीदो’, म्हणजे कळलं असतं तर आलो असतो. ‘सि’च्या, म्हणजे आपल्या ‘जर’च्या बाजूला ‘उबिएरा’, आणि परिणामाच्या बाजूला ‘आब्रिया’. आता गंमत बघा, तुम्हाला दोन्हीकडे एकच रूप पाहिजे असेल तर ते स्पॅनिशमध्ये खरंच आहे, फक्त ते ‘आब्रिया’ नाही, ‘उबिएरा’ आहे! ‘सि लो उबिएरा साबीदो, उबिएरा बेनीदो’ हे वाक्य स्पेनपासून मेक्सिकोपर्यंत लोक रोज बोलतात आणि १७१३ साली स्थापन झालेली माद्रिदची रिआल अकादेमिया एस्पान्योला, म्हणजे प्रमाण स्पॅनिश ठरवणारी संस्थासुद्धा, ते बरोबर मानते. म्हणजे सवलत आहे, पण ती परिणामाच्या बाजूला आहे, ‘सि’च्या बाजूला अजिबात नाही, आणि फॉरवर्डनं नेमकं तेच उलटं करून ठेवलं.

काऊन नाही, हेही समजून घ्या, नुसतं पाठ करू नका. ‘तेंद्रिया’ (जवळ असतं), ‘आब्रिया’ ही जी ‘रिया’वाली रूपं आहेत ती जन्मानंच ‘पुढे होणार होतं’ अशा अर्थाची आहेत, मूळ क्रियापदाला लॅटिनमधल्या ‘हाबेरे’च्या (आजचं स्पॅनिश ‘आबेर’, ‘उबिएरा’ आणि ‘आब्रिया’ ही त्याचीच रूपं) भूतकाळी रूपाची शेपटी चिकटून ती तयार झाली. म्हणून ‘दिखो के बेंद्रिया’, म्हणजे तो येणार असं म्हणाला, यातही तेच रूप येतं. भूतकाळात उभं राहून पाहिलेलं भविष्य. आणि अट सांगणारा ‘सि’ भविष्य चालवून घेत नाही, ‘सि बेंद्रा’ (तो येईल तर) पण चूकच, तिथं साधा वर्तमान ‘सि बिएने’ लागतो. आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही! आपण तरी ‘तो येईल तर मी जाईन’ कुठं म्हणतो, ‘तो आला तर मी जाईन’ म्हणतो. अटीच्या बाजूला भविष्य न घालायची सवय मराठी माणसाला आधीच आहे, ती वापरायची सोडून फॉरवर्डवाला नुसतं ‘असता’ला ‘आब्रिया’ चिकटवून मोकळा झाला.

२०२४ ची रणजी फायनल विदर्भ मुंबईकडून हरला, आठवत असेल. आता म्हणा ‘सि विदर्भ उबिएरा गानादो आकेया फिनाल, तोदो नागपूर लो आब्रिया सेलेब्रादो’. ती फायनल विदर्भानं जिंकली असती तर अख्ख्या नागपूरनं जल्लोष केला असता. जिंकली नाही, ती गोष्ट झाली नाही, हे ‘उबिएरा’ सांगतं, आणि झाली असती तर काय घडलं असतं ते ‘आब्रिया’ सांगतं. दोघांची कामं वेगळी.

फॉरवर्डसोबत एक क्लिप जोडलेली आहे, त्यात एक स्पॅनिश माणूस खरंच ‘सि आब्रिया’ म्हणतो. क्लिप खोटी असेल असं मी म्हणत नाही. उत्तर स्पेनमध्ये, बास्क प्रदेश, नाव्हारा, ला रिओखा, बुर्गोस या पट्ट्यात लोक ‘सि तेंद्रिया’, ‘सि आब्रिया’ असं बोलतात, भाषेचे अभ्यासक त्याची नोंद कधीपासून घेऊन आहेत. ती त्यांची घरची बोली आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. आपण नागपूरकर ‘मी जाऊन राहिलो’ म्हणतो नं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण मराठी नव्यानं शिकणाऱ्याला प्रमाण मराठी म्हणून तेवढंच शिकवलं आणि बोर्डाच्या पेपरात लिहायला लावलं तर ते त्याच्यावर अन्यायाचं होईल. इथंही तेच आहे, डेले या स्पॅनिशच्या परीक्षेच्या पेपरात ‘सि आब्रिया’ लिहिलं तर चूकच धरतात.

दुसरं, सबजंक्टिव्ह मेला म्हणे. याला पुरावा दिलाय ‘सि लो से, नो बेंगो’. हे वाक्य स्पेनमध्ये खरंच खूप बोलतात, शब्द बघितले तर दोन्ही क्रियापदं साध्या वर्तमानात आहेत आणि अर्थ मात्र ‘माहीत असतं तर आलोच नसतो’ असा. पण याच्यातही ‘आब्रिया’ कुठं आहे? आणि हे चालतं ते समोरासमोरच्या गप्पांत, जिथं काय होऊन गेलं ते दोघांनाही माहीत असतं. नीट लिहायचं म्हटलं की तोच माणूस ‘उबिएरा’वर येतो. शिवाय सबजंक्टिव्ह काय फक्त ‘सि’पुरता आहे का? ‘ओखाला उबिएरा बेनीदो’, आला असता तर किती बरं झालं असतं, हे रोजचं वाक्य त्याच्याशिवाय बनतच नाही.

तिसरं झटकन. ‘उबिएरा’ साध्या हुकलेल्या गोष्टीसाठी आणि ‘उबिएसे’ अगदी अशक्य गोष्टीसाठी, असं काही नाही. ‘सि’च्या मागे दोन्हींचा अर्थ एकच, ‘रा’वालं रूप जास्त चालतं, लॅटिन अमेरिकेत तर फारच. दोन रूपं आहेत कारण लॅटिनमधून दोन वेगळी रूपं आली, ‘से’वालं आधीपासून सबजंक्टिव्ह होतं आणि ‘रा’वालं जुन्या स्पॅनिशमध्ये साधं ‘आला होता’ या अर्थाचं होतं, मग हळूहळू इकडे सरकलं. शिकताना ‘रा’ धरा, ‘से’ ओळखता आलं की पुरे.

चौथं मात्र खास आपली अडचण आहे. मराठीत तो आला असता, ती आली असती, आणि त्यात ‘मी पोळी खाल्ली असती’ म्हटलं की क्रियापद पोळीप्रमाणे चालतं. म्हणून फॉरवर्डमधलं ‘एया उबिएरा येगादा’ (ती आली असती) आपल्या कानाला बरोबर वाटतं. पण ‘आबेर’सोबतचं हे रूप कधीच बदलत नाही, तो असो, ती असो, पोळी असो, ‘येगादो’च. बदलतं ते ‘आबेर’, आणि तेही कर्ता कोण त्याप्रमाणे: उबिएरा, उबिएरास, उबिएरा, उबिएरामोस, उबिएरान. गोंधळ होतो तो ‘ला पुएर्ता एस्ता आबिएर्ता’, दार उघडं आहे, अशा वाक्यांमुळे, तिथं ते विशेषणासारखं वागतं म्हणून लिंग घेतं. पाठ करायचंच असेल तर हे करा: एचो, दीचो, बीस्तो, एस्क्रीतो, पुएस्तो, रोतो. ही नियमात बसत नाहीत आणि चुका इथंच होतात.

पाचवं, दोन्ही बाजू एकाच काळात पाहिजेत. का म्हणून? ‘सि उबिएरा एस्तुदियादो, आओरा तेंद्रिया त्राबाखो’, अभ्यास केला असता तर आज नोकरी असती. मराठीकडेच बघा, आपण ‘आज नोकरी झाली असती’ म्हणत नाही, ‘आज नोकरी असती’ म्हणतो, मधलं ‘झाली’ गळतं. स्पॅनिशमध्येही तसंच, परिणाम आजचा असेल तर ‘आब्रिया तेनीदो’ऐवजी नुसतं ‘तेंद्रिया’.

आणि सबजंक्टिव्हला वळसा घालायचाच असेल ना, तर एक खरा रस्ता आहे जो फॉरवर्डमध्ये कुठंच नाही. ‘दे आबेरलो साबीदो, आब्रिया बेनीदो’. ‘सि’ नाही, ‘उबिएरा’ नाही, नुसतं ‘दे आबेर’ आणि पुढे तेच न बदलणारं रूप, अर्थ तोच, कळलं असतं तर आलो असतो. हे पूर्ण प्रमाण स्पॅनिश आहे, लिखाणात तर छान शोभतं. फक्त यात कोणाला कळलं असतं ते रूपावरून दिसत नाही, त्यामुळे माणूस वेगळा असेल तिथं परत ‘सि उबिएरास’वर येणंच बरं, आणि डेलेच्या बी-दोन पातळीच्या पेपरला बसणाऱ्यांनी तर दोन्ही हाताशी ठेवाच.