माप

परवा वास्कोच्या बाजारात, भर दुपारी, दुकानभर बायकांच्या देखत माझं ब्लाउजचं माप घेतलं गेलं. वय वर्षं एकोणपन्नास, बंदराजवळच्या एका कचेरीत हेडक्लार्क, चर्चच्या मंडळीत खजिनदार. तरीही घेतलं गेलं.

कारण ताई. ताई युगांडात एका मिशन दवाखान्यात नर्स आहे. एकोणीस वर्षं झाली. दर तीन वर्षांनी घरी येते. शनिवारी मुंबईमार्गे वास्कोत पोचणार आणि रविवारी उपासनेत कामाचा अहवाल देणार. साड्या आईच्या कपाटात घडीला घडी लावून ठेवलेल्या, पण ब्लाउज आता होत नाहीत. म्हणून हुकूम आला, "बाळ्या, सहा ब्लाउज शिवून ठेव. मापाचा जुना ब्लाउज आईकडे आहे."

आईनं त्याची केव्हाच पोतेरी केली होती.

मग ताईनं मापं बोलून पाठवली. दवाखान्याच्या मागच्या दारात उभी राहून बोलली असावी. "बाही दहा" एवढं नीट ऐकू आलं, "छाती" म्हणाली आणि कोंबडा आरवला. पुढे सगळा कोंबडाच. परत विचारावं तर ती नाइट ड्यूटीला गेलेली.

खरं तर याच गोव्यात १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री आला. चाळीस वर्षं राहिला, मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्या लिहिल्या आणि १६१९ मध्ये इकडेच वारला. घरी एकदाही गेला नाही. आपल्या बाणावलीचे पाद्री जोसेफ वाझ १६८७ मध्ये लंकेत उतरले, १७११ मध्ये कँडीत वारले, २०१५ मध्ये संत झाले. तेही परत आले नाहीत. यांच्या घरी धाकटा भाऊ होता का, हे मला ठाऊक नाही. असलाच, तर सुखात असणार.

असो. तर मी कापडं घेऊन लेडीज टेलरकडे गेलो. टेलर तोंडात टाचण्या धरून बसलेला, त्यामुळे त्याच्याकडून "माप खंय?" यापलीकडे काही निघेना. मी कोंबड्याची हकीकत सांगू लागलो, एवढ्यात बाकावरच्या एका मावशीनं मला ताब्यात घेतलं. मावशी कुडाळकडच्या. लेकीच्या फॉलबिडिंगला आल्या होत्या, पण बसण्याची तऱ्हा अशी की दुकान त्यांचंच, टेलर भाडेकरू.

"भयण खंय असता?"

"आफ्रिकेत. युगांडाला."

"अरे देवा! थंय शिंपी नाय?"

"आहेत, पण साडीवरचा ब्लाउज…"

"काय करता थंय?"

"मिशनरी आहे. दवाखान्यात नर्स."

मावशींनी पदर सावरला. "मिशनरी म्हंजे गोरे असतत ना? तुमची भयण गोरी आसा?"

"नाही हो. माझ्यासारखीच आहे. दिसायला, अंगानं, सगळी माझ्यासारखी."

मावशींनी मला चपलेपासून टकलापर्यंत न्याहाळलं. "मगे नाय," म्हणाल्या.

हे वाक्य पुढे माझ्यावर उलटणार होतं, पण तेव्हा कळलं नाही. कारण लगेच पुढचा प्रश्न आला, "पगार किती?"

इथे माझी अक्कल गहाण पडली. मिशनमध्ये पगार नसतो, निर्वाहभत्ता असतो, तो कसा जमतो वगैरे सांगायचं सोडून मी म्हणालो, "सात लाख."

कात्री थांबली. टेलरनं तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. दोन शिलाई मशिनी थांबल्या.

"शिलिंग!" मी ओरडलो. "रुपयाला साधारण चाळीस शिलिंग पडतात. म्हणजे साडेसतरा हजार रुपये. महिन्याचे. त्यातच भाडं, त्यातच विमानाच्या तिकिटासाठी तीन वर्षं बाजूला टाकायचं."

"आसांदेत. सात लाख ते सात लाख," मावशी म्हणाल्या. "नि खाता काय?"

"भाजीची केळी उकडून कुस्करतात, त्याला मटोके म्हणतात. आणि सकाळी गाडीवरचं रोलेक्स."

म्हणून गेलो. तिकडे अंड्याचं ऑम्लेट चपातीत गुंडाळून देतात, त्याला रोलेक्स म्हणतात. आपल्याकडच्या वडापावसारखं रस्त्यावरचं खाणं. हे मी सांगितलंही. पण मावशी बाकीच्यांकडे वळून निकाल वाचून मोकळ्या झाल्या होत्या.

"ऐकलास गो? सात लाख घेता, रोलेक्स खाता, नि ब्लाऊज वास्कोत शिवता!"

मग त्यांच्या झिलाचा, म्हणजे मुलाचा, विषय निघाला. आयटीआय, फिटर, स्वभावानं गरीब. त्याला तिकडे चिकटवता येईल का? मी म्हटलं, तो मिशन दवाखाना आहे. मावशी म्हणाल्या, "मगे? दवाखान्यात नळ नसतत?" याला उत्तर नव्हतं. अजून नाही.

शेवटी टेलर कंटाळून म्हणाला, माप नसेल तर घेऊन जा. तेव्हा मावशींनी ते माझंच वाक्य काढलं. "अंगान् तुमच्यासारखीच ना? मगे तुमचाच माप घेवंदे!" मी हसलो. टेलर हसला नाही. टेप माझ्या बगलेतून फिरलीसुद्धा. "हात वयर," म्हणाला. मी केले. अजूनही कळत नाही का केले. बेचाळीस, असं तो वहीत लिहिताना मोठ्यानं म्हणाला, आणि एका शाळकरी पोरीनं तो आकडा आपल्या आईला पुन्हा सांगितला. वर चिठ्ठी देऊन, "फाल्यां यो." म्हणजे उद्या ये.

माझं हसं झालं, ते सोडून देईन. पण या ब्लाउजांची गरज का पडते, ते सोडवत नाही. मागच्या खेपेला ताई पंजाबी ड्रेसमध्ये बोलली होती. अपुऱ्या दिवसांची बाळं आईच्या छातीशी बांधून कशी ऊब देतात, हे तिनं वीस मिनिटं सांगितलं. सभा संपल्यावर मंडळीतले एक वडीलधारे सलाम करून म्हणाले, "बाई, साडी नेसायला हवी होती." बस्स. आणि लोक विचारतात, सुटी मजेत ना? सात आठवड्यांची सुटी. वास्को, कोल्हापूर, मिरज, सोलापूर, अकरा मंडळ्या. परक्या घरात झोपायचं, तेच फोटो दाखवायचे, निर्जंतुकीकरणाच्या यंत्रासाठी हात पसरायचा. निघण्याआधी पिवळ्या तापाचं कार्ड दहादा तपासायचं. ते नसेल तर आपल्या विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. मी कॅलेंडरवर मोजलं. आईच्या वाट्याला नऊ दिवस येतात. नऊ. आईच्या गोळ्या, गॅस, पाण्याचा टँकर, डोळ्यांचा डॉक्टर हे उरलेल्या तीन वर्षांचं खातं माझ्याकडे. त्याचा अहवाल उपासनेत कुणी मागत नाही.

रात्री ताईचा फोन आला. मी टेपची हकीकत सांगितली. पलीकडे ती इतकी हसली की वॉर्डातलं कुणीतरी धावत आलं. मग म्हणाली, "इथल्या बायका लग्नाकार्यात गोमेसी घालतात ना, चौकोनी गळा, खांद्यांना टोकं, कमरेला रुंद पट्टा. तो पहिल्यांदा शिवणारा गोम्स म्हणे गोव्याचाच शिंपी. शंभरएक वर्षांपूर्वी इकडे आला होता. त्याच्या नावावरूनच गोमेसी. म्हणजे बघ, गोव्याच्या एका शिंप्यानं अख्ख्या देशाच्या बायका सजवल्या, आणि तुला सहा ब्लाउज होईनात?"

मी काही बोललो नाही. एकोणीस वर्षं ती लांबून टोमणे मारते आणि तिकडचे कॉलचे दर महाग म्हणून मी भांडत नाही.

शुक्रवारी दुकानात गेलो. मावशी तिथेच, या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत झिलाचे कागद घेऊन. सर्टिफिकेटं, चार फोटो, आणि चर्चमध्ये काम म्हणून एक फोटो मुद्दाम पांढऱ्या शर्टात. मी घेतले. काय करणार? टेलरनं सहापैकी दोन ब्लाउज दिले. उरलेल्या चारांचं विचारलं तर, "फाल्यां यो."

घरी आल्यावर आईनं ब्लाउज उलटसुलट केले, शिवण ओढून पाहिली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"घालून बघ."

"आई!"

"उद्या ती येणार. झाला नाही तर आत्ताच कळेल. दार लाव नि घाल."

दार लावलं. घातला. हूक आईनं लावले. अगदी अंगाबरोबर बसला. फक्त बाही जरा घट्ट होते.