पंधरा जमत नाहीत, मग सात घ्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

विदर्भाच्या तालुक्यातालुक्यांत रग्बीची क्लब स्पर्धा कशी उभी राहील, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच फैलावर घेतलंत. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा: रग्बीच्या एका संघाला लागणारे पंधरा पोट्टे गावात एका वेळी जमत नाहीत, कापूस वेचणीच्या दिवसांत तर मुळीच नाहीत. आपल्या काळ्या मातीवर पोरगं आदळलं तर खांदा निखळेल. कबड्डीचे संघ कसेबसे टिकून आहेत, त्यातलीच पोरं ओढून दोन्ही खेळ बुडतील. आणि शेवटी, 'ही थेरं मुंबईच्या जिमखान्यात शोभतात.'

मातीचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे, म्हणून तोच आधी घेतो.

रग्बीत दुखापत म्हटली की सगळे टॅकलकडे, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडण्याकडे, बोट दाखवतात. आपल्याकडे मात्र जमिनीची भीती जास्त धरावी. काळी माती पावसाळ्यात फुगते, दिवाळीनंतर आकसायला लागते आणि जानेवारीपर्यंत भेगाळते. धावताना बुटाचा स्टड भेगेत अडकला की पाऊल जागेवर राहतं आणि अंग फिरतं. गुडघा जातो तो असा. यावर गावोगावचा उपाय म्हणजे मुरूम टाकणं. धावण्याच्या शर्यतीला तो चालतो, रग्बीत कोपर, गुडघा आणि गाल सोलून निघतात आणि त्या जखमा पिकतात. मुरमाचं मैदान असेल तर तिथे टच रग्बीच खेळवा. स्पर्श झाला की थांबायचं, पाडापाडी नाही.

सोयाबीन निघालेलं वावर मोकळं दिसतं, तिथे फक्की मारायचा मोह होतो. तो आवरा. कापणीनंतरची धसकटं कडक आणि तिरपी उभी असतात, स्वस्त बुटाच्या तळव्यातून सरळ आत जातात. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्या लहान आणि मध्ये धुरे, त्यामुळे तिथे तर विचारच नको. त्यातल्या त्यात बरी जागा म्हणजे नदीकाठची गवताळ पडीक जमीन किंवा एखाद्या महाविद्यालयाचं जुनं मैदान. ऑक्टोबरमध्ये वापसा असताना रोटाव्हेटर उथळ फिरवा, पाटा मारा आणि हलका रोलर एकदाच चालवा. रस्त्याच्या कामावरचा जड रोलर फुकट मिळाला तरी नको. तो काळ्या मातीला इतकं दाबतो की पुढे पाणी मुरत नाही आणि पडणाऱ्याला दगडावर पडल्यासारखं लागतं.

पाण्याचा हिशेब करून बघा. मैदान जास्तीत जास्त 100 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद. दोन्ही टोकांना इन-गोलची, म्हणजे चेंडू जमिनीला टेकवून गुण (ट्राय) मिळवण्याची जागा निदान सहा-सहा मीटर. सगळं मिळून जवळपास दोन एकर. नुसत्या 7,000 चौरस मीटरवर 25 मिलिमीटर पाणी द्यायचं तर 1,75,000 लिटर लागतं, म्हणजे पाच हजार लिटरचे 35 टँकर. टँकरने हे काम होत नाही. शेजारी विहीर आणि स्प्रिंकलरचा संच असलेला शेतकरी सोबत हवा, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याच्या हरभऱ्यालाही पाणी लागतं. त्याच्याशी तारखा आधी बोलून घ्या. पाणी सामन्याच्या तीन-चार दिवस आधी द्यायचं. आदल्या संध्याकाळी दिलं तर चिखल बुटाला असा चिकटतो की पाय उचलत नाही.

सामन्याच्या सकाळी मोठा पेचकस घेऊन मैदानात दहा-बारा ठिकाणी हाताने दाबून बघा. दहा सेंटिमीटरही आत जात नसेल तर त्या दिवशी टॅकल बंद, टच चालू. हा नियमपुस्तकातला नियम नाही, पण ज्या संयोजकाकडे दुसरं साधन नाही त्याला यावर निर्णय घेता येतो.

रेषांसाठी चुना वापरू नका. कबड्डीच्या पटावर एक वेळ खपतं, रग्बीत खेळाडू तोंडावर रेषेवर पडतो आणि डोळ्यात चुना गेला तर डोळा भाजतो. खडूची किंवा संगमरवराची भुकटी घ्या. गोलचे खांब बांबूचे चालतील. दोघांत 5.6 मीटर अंतर, आडवा बांबू जमिनीपासून तीन मीटरवर, आणि खालच्या दोन मीटरला जुन्या गादीचा फोम पोत्यात भरून बांधायचा. हे पॅडिंग लोक हमखास विसरतात.

आता पंधरा पोरांचा प्रश्न. इथे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे, म्हणून माझा आग्रह सातांच्या खेळाचा आहे. पंधरांच्या खेळात राखीव धरून 23 जण लागतात. सहा संघांनी एकमेकांच्या गावी जाऊन-येऊन खेळायचं म्हटलं तर 30 सामने, प्रत्येक संघाला पाच वेळा बाहेरगावी जाणं आणि दर वेळी दोन गाड्या. दोन फेऱ्यांतच एखादा संघ 'यंदा जमत नाही' म्हणून कळवतो, समोरच्याला पुढे चाल मिळते आणि गुणतक्त्याला अर्थ उरत नाही. इंग्लंडच्या खालच्या पातळ्यांवरच्या क्लबांनाही पंधरा जमवण्याची अडचण येते. तिथे कमी खेळाडूंनी आणि न ढकलता स्क्रम (दोन्ही संघांचे खेळाडू वाकून, खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी रेटतात तो) करून सामना उरकण्याची सोय ठेवावी लागली आहे.

सातांच्या संघात राखीव धरून बारा खेळाडू. एका क्रूझरमध्ये संघ बसतो. सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. आत-बाहेर धरून एका सामन्याला 25 मिनिटं धरा. सहा संघ एकाच गावी एकाच दिवशी बोलवा. साखळीने सगळ्यांना सगळ्यांशी खेळवलं तर 15 सामने होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाच येतात. हे अंगावर येतं, शेवटच्या दोन सामन्यांत थकलेली पोरं डोकं खाली घालून टॅकल करतात आणि मार बसतो. त्यापेक्षा तीन-तीनचे दोन गट करा. दोन्ही गटांचे मिळून सहा सामने, मग दोन उपांत्य, पाचव्या-सहाव्या क्रमांकाचा एक, तिसऱ्या क्रमांकाचा एक आणि अंतिम. एकूण अकरा. सकाळी साडेसातला पहिली शिट्टी वाजली तर बाराच्या सुमारास बक्षीस वाटून मोकळे. गटात जिंकल्यास तीन गुण, बरोबरीला दोन, हरल्यास एक, न आल्यास शून्य. हरूनही एक गुण मिळतो, म्हणून दुबळा संघ निदान येतो तरी.

हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतच धरा. त्याआधी सोयाबीन, धान आणि वेचणीचा पहिला जोर, त्यानंतर बारावी-दहावीच्या परीक्षा, आणि मार्चपासून आपलं ऊन. एवढ्या दिवसांत एक आड एक रविवार धरून चार फेऱ्या बसतात, दर फेरी वेगळ्या गावी. ज्या गावचा आठवडी बाजारच रविवारी भरतो तिथे फेरी देऊ नका, नाहीतर मैदानावर ना खेळाडू ना प्रेक्षक. शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतींची, तारीखही विचारून घ्या, त्याच्याशी स्पर्धा करण्यात शहाणपण नाही.

कबड्डीबद्दल मात्र माझं मत तुमच्या उलट आहे. या खेळाला आपल्याकडे तयार माणसं मिळतील तर ती कबड्डीतच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं केली, म्हणजे विदर्भाला हे सांगायची गरज नाही की पकड म्हणजे काय. पण कबड्डीपटू जशाचा तसा रग्बीत उतरवला तर पहिल्या दहा मिनिटांत तीन चुका करतो. पहिली, तो धरलेला माणूस सोडत नाही. कबड्डीत सोडणं म्हणजे गुण गमावणं. रग्बीत पाडल्याबरोबर टॅकल करणाऱ्याने हात सोडून बाजूला व्हायचं असतं, नाहीतर पेनल्टी. दुसरी, धडक. चढाईवाल्याला खांद्याने रेषेबाहेर उडवणं ही तिथे शाबासकीची गोष्ट, इथे हातांचा वेढा न घालता धडक मारली तर पंच पिवळं कार्ड काढू शकतो, आणि सातांच्या खेळात बाहेर बसायची ती दोन मिनिटं संपता संपत नाहीत. तिसरी सगळ्यांत धोक्याची: घोटा पकडायला सूर मारताना डोकं धावणाऱ्याच्या गुडघ्यासमोर येतं. डोकं नेहमी धावणाऱ्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या मांडीला चिकटलेला, असं गुडघ्यावर बसून, मग चालत, मग धावत शिकवायचं. पहिले पंधरा दिवस एवढंच आणि मागे पास देणं. हात आपोआप पुढे जातो, तो मागे वळवायला पकडीपेक्षा जास्त वेळ लागतो.

मानेची भीती स्क्रममुळे असते. सातांत तीनविरुद्ध तीनचाच स्क्रम असतो. नव्या संघांना पहिलं वर्षभर तोही न ढकलता खेळवा: चेंडू टाकणारा संघच चेंडू घेतो, कोणी रेटत नाही. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही, मग तो कितीही 'मी बरा आहे' म्हणो. हौशी खेळात प्रौढ खेळाडूने त्यानंतर निदान 21 दिवस सामना खेळू नये, असं जागतिक संघटनेचं मार्गदर्शन आहे. आपल्या वेळापत्रकात याचा अर्थ पुढची फेरी नाही, आणि हे संघाच्या वहीत त्याच दिवशी लिहायचं. ग्रामीण रुग्णालयाला आधी कळवा आणि 108 ची वाट पाहावी लागू नये म्हणून एक गाडी चालकासह उभी ठेवा.

जिमखान्याचं थोडक्यात सांगतो. सातांचा खेळ निघाला तो 1883 साली स्कॉटलंडच्या मेलरोझ गावात. क्लबला पैसे हवे होते आणि नेड हेग नावाच्या खाटकाने ही कल्पना पुढे आणली. त्याच सीमाभागातल्या छोट्या गावांची बॉर्डर लीग 1901 पासून आहे. लोकर आणि शेतीवर जगत आलेली ही गावं, आणि आजही तिथल्या सातांच्या स्पर्धा गावोगाव फिरतात. आपल्या देशात भुवनेश्वरच्या कलिंगा संस्थेतली आदिवासी मुलं-मुली या खेळात नाव काढून आहेत. मेळघाट-गडचिरोलीच्या आश्रमशाळांना हे जमणार नाही असं मला वाटत नाही.

तुम्ही जे लिहिलं नाहीत, पण कबड्डीत जे रोज बघत असाल, ते बक्षीस. मोठ्या रकमेचा फलक लागला की प्रत्येक संघात बाहेरचे चार जण येतात, गावचा पोरगा बाकावर बसतो, आणि पुढच्या वर्षी गावच येत नाही. रग्बीला मारायचं असेल तर हाच सोपा मार्ग आहे. पहिल्या फेरीआधी वीस जणांची यादी आधार कार्डाच्या झेरॉक्ससह संयोजकाकडे जमा व्हावी, खेळाडू त्या तालुक्यातला किंवा तिथे शिकणारा असावा, आणि नंतर नाव बदलू नये. रोख बक्षिसाऐवजी गोळा झालेले पैसे गाडीभाड्यात वाटा, लांबून येणाऱ्याला जास्त.

पंच कुठून आणायचे, हे तुम्ही शेवटी विचारलंत. सुरुवातीला कबड्डीचे पंच आणि व्यायाम शिक्षकच घ्यावे लागतील. जागतिक संघटनेचे नियमांचे आणि सुरक्षिततेचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहेत, काही संध्याकाळी घालवल्या तर पूर्ण होतात. नवा पंच अडतो तो अ‍ॅडव्हांटेजवर, म्हणजे चूक झाली तरी समोरच्या संघाचा फायदा होत असेल तर खेळ चालू ठेवण्यावर: चूक दिसली की लगेच शिट्टी मारतो आणि खेळ तुटतो. दुसरं, जमिनीवर चेंडूभोवती ढीग झाला की बघत बसतो. तिथे उलट ताबडतोब शिट्टी हवी, कारण खालच्या पोराची मान दबलेली असू शकते. यजमान गावचा पंच यजमानांच्या सामन्याला द्यायचा नाही. तुमच्या ओळखीतले दोन-तीन पंच शिकायला तयार असतील तर सप्टेंबरच्या आत कळवा, म्हणजे पाऊस उघडला की त्यांना सरावात घेता येईल.