घड्याळातले सेल

पीएचडीला अ‍ॅडमिशन घेताना मला कोणी सांगितलंच नव्हतं की यात संशोधन हा जोडधंदा असतो आणि खरं काम म्हणजे पाहुण्यांच्या व्याख्यानाला खुर्च्या, माणसं आणि समोसे यांचा मेळ घालणं.

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. यंदाचे पाहुणे गुरुत्वीय लहरींवर, म्हणजे अवकाशच ताणत-आकसत येणाऱ्या लहरींवर बोलणार होते, त्या लेझरने मोजणारी वेधशाळा म्हणजे ते लायगो, जे आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारे, आणि मी मूळची वसमतची म्हणून डिपार्टमेंटने परस्पर ठरवलं की हा माझ्या घरचाच कार्यक्रम आहे. मी मेकॅनिकलची, माझा विषय बेअरिंगची व्हायब्रेशन्स. कृष्णविवराशी माझा संबंध एवढाच की माझी फेलोशिप पण कुठल्यातरी टेबलाच्या आत गेलीये ती बाहेर येत नाहीये. पण खरं सांगते, मला जायचं होतं. मला एक प्रश्न विचारायचा होता.

कार्यक्रम तीनचा. अडीचला कळलं की कॉर्डलेस माइकचे सेल संपलेत. स्टोअरमधून सेल मिळवायचे तर अर्ज, त्यावर सही, त्या सहीवर अजून एक सही. म्हणून मी हॉलच्या भिंतीवरच्या घड्याळातला एक काढला, आणि एचओडी सर पाहुण्यांना घ्यायला गेटवर गेले तेवढ्यात दुसरा त्यांच्या केबिनमधल्या घड्याळातला. दोन्ही घड्याळं पावणेतीनला थांबली. आता आमच्याकडे भाषणं घड्याळ बघूनच थांबतात हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं.

हॉल नेहमीप्रमाणे मागून भरला. फर्स्ट इयरची एकशेवीस पोरं अटेंडन्सच्या आमिषाने आणलेली, पहिल्या दोन रांगा मान्यवरांसाठी राखीव आणि रिकाम्या. दीपप्रज्वलनाला पंखे बंद. समईला वाती पाच आणि मान्यवर सात, त्यामुळे शेवटच्या दोघांनी पेटलेल्याच वाती पुन्हा पेटवल्या, फोटोसाठी थांबून. मग प्रास्ताविक. विज्ञान दिन का साजरा करतात, तर १९२८ साली याच दिवशी रामन इफेक्ट जाहीर झाला, आणि १९३० चं नोबेल रामन यांना आमच्या हॉलमध्ये दर वर्षी नव्याने दिलं जातं, त्याला साधारण वीस मिनिटं लागतात. रामन यांचं सगळं उपकरण म्हणे दोनशे रुपयांत झालं होतं. तेवढ्यात आमची सत्काराची शालसुद्धा येत नाही. सर मधेमधे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, पावणेतीनच वाजलेले बघून समाधानाने पुढे बोलत होते.

पाहुणे उभे राहिले तेव्हा माझ्या मोबाइलवर पावणेचार झाले होते.

पंखे चालू केले तर पडदा फडफडायला लागला, आणि त्यावरची दोन कृष्णविवरं अशी काही हेलकावे खायला लागली की पाहुणे म्हणाले, वा, लहरी तुमच्याकडे आधीच पोचल्यात. पंखे बंद केले तर पोरं वहीने वारा घ्यायला लागली, एकशेवीस वह्या, तो आवाज वेगळाच. शेवटी एकच पंखा ठेवला, तोही किरकिरणारा (त्याचं बेअरिंग गेलंय हे मी दोन वर्षांपासून सांगतेय, माझा विषयच तो आहे, पण ऐकतंय कोण).

आणि या सगळ्या गोंधळात तो माणूस शांतपणे सांगत होता की १४ सप्टेंबर २०१५ ला काय झालं. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं लांब दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, तीन सूर्यांइतकं वस्तुमान नुसत्या लहरींत गेलं, आणि इथे येईपर्यंत त्यातलं उरलं किती, तर लायगोच्या चार किलोमीटर लांब नळीच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या शंभराव्या भागाहूनही कमी फरक. अख्खा सिग्नल ०.२ सेकंदांचा. मी टाचा उंचावून ऐकत होते. नेमके तेव्हाच मागच्या दाराने समोसे आले आणि अख्खा हॉल एका झटक्यात मागे वळला, तो फरक मोजायला कुठलाही लेझर लागला नसता.

प्रश्नोत्तरं. मी हात वर केला. माइक गेला एका काकांकडे, ते म्हणाले माझा प्रश्न नाहीये, दोन शब्द आहेत. ते दोन शब्द आठ मिनिटं चालले आणि त्यात पुराणातली विमानंही येऊन गेली. मग दुसऱ्या एकांनी विचारलं, औंढ्याला आता जमिनीचा भाव काय चाललाय? पाहुण्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, या तिकडच्या आहेत ना. म्हणजे व्याख्यानात मी एकदाच बोलले ती एकरी भावाबद्दल, आणि तेही मला माहीत नाही एवढंच. मग आभार.

शेवटी समोशांच्या टेबलापाशी पाहुण्यांना गाठलं. म्हटलं सर, तिकडे रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर गेला तर त्याच्या हादऱ्याने मोजमाप नाही बिघडणार? त्यांचा चेहराच उजळला. हातातल्या कागदी प्लेटवर त्यांनी बोटाने चटणीचे चार ठिपके काढले, एकाखाली एक. लेझर ज्यावर आपटून परततो तो चाळीस किलोचा आरसा असा चार टप्प्यांच्या लंबकावर टांगतात, शेवटचा टप्पा काचेच्या तंतूंवर. लंबकाला त्याच्या स्वतःच्या लयीपेक्षा भरभर हलवलं की खालचं वजन जवळपास जागचं हलत नाही, मग चार टप्पे म्हणजे एकाखाली एक चार चाळण्या. आणि वर एक, असं म्हणून ते अजून काहीतरी काढणार, तर मामांनी झाली का सर म्हणत प्लेट उचलली आणि पाहुण्यांना ग्रुप फोटोला ओढून नेलं. पाचवा ठिपका कशाचा होता ते राहिलंच.

माइक स्टोअरमध्ये जमा झाला, सेलसकट. काल माझ्या थिसिसच्या सिनॉप्सिसवर सही घ्यायला केबिनमध्ये गेले, साडेपाच वाजले होते. सरांनी भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, अगं बस, पावणेतीनच झालेत, पहिल्या पानापासून नीट वाचू.