बाथरूमचं पाणी हॉलमध्ये कसं आणावं

साताऱ्याला आमचं घर नुकतंच बांधून झालं. (झालं म्हणजे आम्ही राहायला आलो.) त्यामुळे सल्ले द्यायचा हक्क आता मलाही मिळालाय. घर बांधताना स्वतः काय करावं आणि माणसं कशाला लावावीत, हे ज्यांना ठरवायचंय त्यांनी वाचावं.

स्लॅबला पाणी मारायचं काम स्वतःकडे ठेवा. साध्या (ओपीसी) सिमेंटला निदान 7 दिवस, उन्हाळा असेल तर 10. वाफे घालून पाणी तुंबवायचं. ठेक्यात हे काम कुणाचंच नसतं, पण तडा गेला की ते तुमचं होतं. "साहेब, तुमीच पाणी कमी मारलं."

काँक्रीट कालवताना तिथं उभे राहू नका. 50 किलोच्या गोणीला साधारण 25 लिटर पाणी पुरतं, हे तुम्ही कुठंतरी वाचलेलं असतं आणि ते तोंडावर दिसतं. इकडं पाइप थेट मिक्सरमध्ये सोडलेला. "पातळ असला की माल पळतोय चांगला." पळू द्या.

उचल मागितली की द्या. नाही दिली तर माणूस येत नाही. दिली तरी येत नाही.

वायरिंगच्या नादी लागू नका. वीजजोडणीला परवानाधारकाचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तो मिळतो. सही करणाऱ्यानं तुमचं घर पाहिलेलं असावं असा हट्ट मात्र धरू नका.

फरशीला तर कसबी माणूसच हवा. मी तेच केलं. चौघांनी ज्याचं नाव घेतलं तो आणला, शेजाऱ्यापेक्षा फुटाला 8 रुपये जास्त देऊन. बाथरूम पाच बाय सात, जाळी कोपऱ्यात. पाच फुटांत इंचभर ढाळ जाळीकडे, एवढंच काय ते शास्त्र. त्यानं ढाळ दिला, सुरेख दिला, दाराकडे! पहिल्याच अंघोळीला पाणी उंबरा ओलांडून हॉलमध्ये गेलं, जाताना पायपुसणं घेऊन. फरशीवाला म्हणतो प्लंबरनं जाळी वर घेतली. प्लंबर म्हणतो फरशीखालचा कोबाच चुकलाय. कोबा करणारा मिस्त्री जत्रेला गेलाय. जत्रा उठून तीन आठवडे झाले. इंजिनिअर आले, फोटो काढला, म्हणाले, "वापरात आलं की बसेल." काय बसेल? पाणी चढावर जायला शिकेल?

ढाळ बघायची पाणसळ होती फरशीवाल्याकडे. पिशवीत होती, मी स्वतः बघितलीय.

परवा आई घसरली. 74 वर्षांची आहे ती. भिंत हाताला लागली म्हणून वाचली.

अरे, वीस-वीस वर्षं थापी धरलीत ना? माल ओला आहे तोवर तांब्याभर पाणी ओतून बघायला किती वेळ लागतो? चूक कुणाकडूनही होते, मान्य. पण "चुकलं, फोडून देतो" एवढं म्हणायला काय होतं तुम्हाला? फोन का बंद ठेवता? आणि मी तरी काय केलं? खुर्ची टाकून बसलो, दिवसातून तीनदा चहा पाजला, त्यातला एक कप पाणी जमिनीवर ओतायचं मलाही सुचलं नाही.

दुसरा माणूस बघून गेला. "दुसऱ्याचं काम फोडत न्हाय मी," म्हणाला.

छिन्नी-हातोडा आणून ठेवलाय. उद्या रविवार आहे, दारापासून सुरुवात करतो.