परदेशातून : करारात नर्स कुठे आहे?

यवतमाळ-वाशीमकडे व्यापार कराराची चर्चा कापसावर सुरू होते आणि कापसावरच संपते. साहजिकच आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात. शेतकरी बोलणारच. पण 2024-25 मध्ये देशाची मालाची निर्यात सुमारे 437 अब्ज डॉलरची होती आणि सेवांची 387 अब्जांची. हा दुसरा आकडा मात्र पुण्या-हैदराबादचा मामला समजून सोडून दिला जातो.

24 जुलै 2025 ला भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या. त्यासोबत गाजली ती सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीतली सूट. भारतीय कंपनीने तात्पुरत्या कामावर पाठवलेल्या माणसासाठी तीन वर्षं इथला, म्हणजे ब्रिटनचा, नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची वर्गणी) भरायचा नाही, पीएफ भारतातच चालू. मालकाचा वाटा इथे 15 टक्के, तेव्हा बचत कोणाची ते उघड आहे. वर्ध्यात जीएनएम (नर्सिंगची पदविका) करून इथल्या रुग्णालयात थेट नोकरीला लागलेल्या मुलीला त्यातला छदामही मिळत नाही, कारण तिला कुठल्या कंपनीने पाठवलेलं नसतं. शेफ, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकारांसाठी वर्षाला 1,800 जागा ठेवल्या आहेत. त्यात नर्स नाही.

तिची वाट जुनीच. आयईएलटीएस ॲकॅडेमिक या इंग्रजीच्या परीक्षेत 7 बँड, लेखनात 6.5 चालतो. मग संगणकावरची परीक्षा, ती भारतातच देता येते: 15 गणितं आणि 100 प्रश्न. गणितं अवघड नसतात. 1000 मिली सलाइन आठ तासांत द्यायचं तर ताशी 125 मिली. शेवटची ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, मात्र इथे येऊनच, दहा टप्प्यांची. तिथे घात होतो तो सवयींमुळे. हात धुवायचे राहिले, औषधाआधी रुग्णाचं नाव, जन्मतारीख आणि ॲलर्जी विचारली नाही, की टप्पा गेला. आपल्याकडे भरलेल्या वॉर्डात एकटी सिस्टर धावत असते, ही सवय लागणार कशी? ती कॉलेजच्या प्रात्यक्षिकातच लावावी लागेल. त्याला फार पैसा लागत नाही.

एजंटांचं वेगळं सांगायला हवं. भरतीची फी उमेदवाराकडून घ्यायची नाही, असा इथला नियम आहे. कोणी लाखांत मागितले तर तिथूनच उठावं. आणि केअर वर्करची (वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांची) परदेशातून भरती 22 जुलै 2025 पासून बंद आहे, त्या नावाचे कोर्स कुणी विकत असेल तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या गटाशी झालेला भारताचा करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. त्यात नर्सिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देण्याची वाट ठेवली आहे. पण ती वाट आपोआप उघडत नाही. दोन्हीकडच्या व्यावसायिक संस्थांनी बसून अभ्यासक्रम आणि तास जुळवावे लागतात. कापसाच्या शुल्काचं निवेदन घेऊन खासदारांकडे जाल, तेव्हा ही बोलणी कुठवर आली तेही विचारा, आणि ब्रिटनशी ती कधी सुरू करणार याची तारीख मागा.